डांबरवखारीच्या उतारावरची विहीर

आमच्या विहिरीचं पाणी बिघडलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि सासरी मला दुसरं वर्ष लागलं होतं. लढाई चालू होती. रॉकेल रेशनवर मिळायचं, साखर क्वचित दिसायची. आमचं गाव कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या रेल्वेफाट्याच्या कडेला. गावाच्या वरच्या अंगाला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, पूर्वी एक वखार होती. मुंबईच्या कुणा ठेकेदाराची. रुळांखाली घालायचे स्लीपाट आणि तारांचे लाकडी खांब तिथे मोठ्या लोखंडी कढयांत, डांबराच्या तेलात उकळून काढायचे. म्हणजे त्यांना वाळवी लागत नसे. मी आले तेव्हा वखार बंद पडून सात-आठ वर्षं झाली होती. पत्रे, कढया, कुंपणाच्या तारासुद्धा कुणी कुणी नेल्या होत्या. करवंदीचं रान माजलं होतं आणि मधे एक उघडा तुकडा होता, जिथे भर पावसातही गवत धड उगवत नसे.

वखारीच्या खालच्या उतारावर मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, भाताचं शेत होतं. मी आले त्याच उन्हाळ्यात त्यांनी तिथे विहीर खणली. खडक लागला, सुरुंग लावले, आणि वैशाखात पाणी लागलं. गावातली जुनी विहीर चैत्रातच तळ दाखवायची, बायका कोसभर चालून नदीवर जायच्या. आमच्या विहिरीला मात्र उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी. मामंजी संध्याकाळी काठावर जाऊन नुसते बसायचे. घरात कुणाशी फारसं न बोलणारा माणूस, पण विहिरीवर कुणी आलं की म्हणायचा, "पिऊन तर बघ."

पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी फाल्गुनात, शिमगा होऊन आठ दिवस झाले असतील, सासूबाईंनी भाताचा घास तोंडात घातला आणि थुंकला.

"काय गं, हांड्याला काय फासलंस?"

"काय नाय आत्याबाई, चिंचेनं घासला, रोजच्यासारखा."

"मग ह्यो वास कसला?"

मीही घास घेतला. धुराचा, हिंगाचा आणि दवाखान्यात फरशीला मारतात त्या फिनेलचा, असा मिळून तो वास होता. गिळल्यावर घशाशी कडूपणा राहायचा. हांड्यातल्या पाण्यावर बघितलं तर तेलाचा पातळ तवंग. सासूबाईंनी मला हांडा पुन्हा घासायला लावला. मग माठ फोडला, नवा आणला. दोन दिवस माझ्याकडे अशा बघत होत्या की मीच काहीतरी केलं असावं. माझे वडील शाळामास्तर, मी चार बुकं शिकलेली. या शिकलेल्या पोरीनं माहेराहून कसलं तरी औषध आणलंय, असं त्या दाराशी आलेल्या एका बाईजवळ बोलल्याचं मी भिंतीआडून ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हशीनं विहिरीवरच्या डोणीत तोंड घातलं, फुरफुरली आणि मागे सरली. तेव्हा कुठे माझ्यावरचा संशय उठला.

उठला म्हणजे दुसरीकडे जाऊन बसला.

आमच्या घराला लागून मामंजींच्या चुलतभावाचं घर. मधे एक कुडाची भिंत. दोन्ही घरांत एका बांधावरून जुनी कुरबूर होती, पण सणाला ताटं जायची यायची. त्या घरच्या काकी उंच, सडसडीत आणि बोलायला तिखट. माझं मात्र त्यांच्याशी जमायचं. नवी असताना कोंड्यातून कण्या कशा वेगळ्या करायच्या हे मला त्यांनीच दाखवलं होतं. त्यांचा मुलगा खोपोलीला कारखान्यात कामाला होता. शनिवारी घरी यायचा तेव्हा त्याचे कपडे तेलवंगणानं काळे असायचे.

"रॉकेल तर कुणाकडं नाय," सासूबाई म्हणाल्या. "दिव्याला मिळत नाय, ते विहिरीत कोण ओतंल? पन त्या पोराच्या कारखान्यात तेलाचे डबेच्या डबे असतात."

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा मामंजी ओटीवर पान कुटत होते. मला आठवतंय, त्यांचा हात थांबला. मी वाट पाहिली की ते रागावतील, भावाच्या घरावर असं बोलू नका म्हणतील. ते पुन्हा पान कुटू लागले.

मग विहिरीचा उपसा झाला. गडी लावून दोन दिवसांत पाणी काढलं, तळाचा गाळ खरवडला, चुना टाकला. कर्जतच्या दवाखान्यातून लाल औषधाची पुडी आणली आणि तीही सोडली. आठ-दहा दिवस पाणी गोड लागलं. सासूबाईंनी विहिरीला नारळ दिला. नंतर एका सकाळी हांड्यातल्या पाण्यावर पुन्हा तसाच तवंग तरंगला, मोराच्या पिसासारखा निळाहिरवा.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "पुन्यांदा कुनीतरी येऊन गेला."

आता पाळत सुरू झाली. दुपारी गाव जेवून आडवं होतं तेव्हा विहिरीवर चिटपाखरू नसे. तीच वेळ माझ्या वाट्याला आली. शेताच्या कडेला आंब्याखाली सुकी लाकडं मोडायच्या मिषानं मी बसायचे आणि विहिरीकडे बघायचे. चौथ्या का पाचव्या दिवशी काकी आल्या. बांधाच्या आडून वाकून आल्या, इकडेतिकडे पाहिलं, काठावर बसल्या. पदराखाली काहीतरी होतं. माझ्यात आणि त्यांच्यात घेवड्याचा वेल होता. त्यांचे हात मला दिसत नव्हते. थोड्या वेळानं उठल्या आणि आल्या तशाच गेल्या.

मी घरी येऊन सांगितलं. काकी आल्या होत्या, पदराखाली काहीतरी होतं.

"काय व्हतं?" सासूबाईंनी विचारलं.

"दिसलं नाय."

"डबा व्हता?"

घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. महिन्यापूर्वी ज्यांनी मला हांडा घासायला लावला, माझं माहेर काढलं, ते सगळे आज माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आसंल," मी म्हणाले. "डबाच आसंल."

दोन दिवसांनी मारुतीच्या देवळात चार जाणती माणसं बसली. काकींना बोलावलं. बायका बाहेर पारावर उभ्या होत्या, त्यांत मीही. मला पुढे केलं आणि काय बघितलंस ते सांग म्हणाले. घरी मी "आसंल" म्हटलं होतं. तिथे, सगळ्यांसमोर, म्हणाले, "डबा होता."

काकी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग देवळाकडे वळून म्हणाल्या, "मडकं व्हतं. उपसल्यावर पानी गोड झालं आसं ऐकलं, म्हून न्यायाला गेले व्हते. आमच्या घरात नातवाला ताप हाय, नदीचं पानी आनायला माज्यात बळ नाय, आन तुमच्या दारात मागाया तोंड नाय. म्हून चोरून गेले. चोरी केली म्हना. पन टाकलं काय नाय."

"मग त्या पान्याला वास कसा येतो?" कुणीतरी विचारलं.

"ते यांनाच इचारा!" काकींनी आमच्या घरच्यांकडे बोट केलं. "मी नेलं ते पानी कडू निघालं. पोराला पाजलं नाय, वतून दिलं. आमी पिऊ नये म्हून यांनीच काय तरी घातलंय त्यात. सोताची इहीर सोता बाटवली, आमाला तोडाया!"

पारावर गलका झाला. निवाडा झालाच नाही. चुलतसासरे काकींना हाताला धरून घेऊन गेले. त्या दिवसापासून दोन घरांतलं बोलणं बंद झालं, आणि कुडाच्या भिंतीला त्यांनी पलीकडून नवा गिलावा केला, भेगा राहू नयेत म्हणून.

मला वाटलं होतं बरं वाटेल, पण बरं काही वाटलं नाही. काकी "वतून दिलं" म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून जाईना. जिनं तेल टाकलं ती स्वतःच ते पाणी चोरून नेईल कशाला?

त्याच आठवड्यात आमचा दुसरा उपसा झाला. या वेळी तळाशी माझे यजमान उतरले होते. संध्याकाळी मी त्यांचं धोतर धुवायला घेतलं तर काष्ट्यापाशी तपकिरी डाग. राखेनं, रिठ्यानं, कशानंच जाईना. वास तोच. आणि तळहातावर त्यांना फोड आले होते, भाजल्यासारखे. मी विचारलं तर म्हणाले, "दोर लागला."

दोरानं असे फोड येत नाहीत, हे मला माहीत होतं. मग माझं मन जायचं तिथे गेलं. हेच तर नाही ना टाकत? काकींचं म्हणणं खरं तर नाही ना? त्या दिवसांत मी घरातल्या प्रत्येकाचे हात बघायचे. वाढताना, खरकटं उचलताना, हात आणि नखं. आता लाज वाटते, पण बघायचे.

शेवटी एकदा गोठ्यात गाठून मी त्यांना धोतर दाखवलं. "खरं सांगा. ह्यो डाग कुटला?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "वरच्या अंगाच्या खडकाला चीर हाय," ते हळू म्हणाले. "तिच्यातून पान्याबरोबर काळं येतंय. दोऱ्यासारखं. पुसलं तर पुन्हा येतं. मी बाबांना दाखवलं."

"मग?"

"शेवाळ हाय म्हनाले. गप ऱ्हा म्हनाले."

"शेवाळानं हात भाजतो काय?"

ते वैरण टाकायला वळले. वडिलांपुढे ते कधी बोलत नसत, आणि त्या काळी कुणाचाच मुलगा फारसा बोलत नसे.

आता मी मामंजींकडे बघू लागले. ते विहिरीवर जायचे थांबले होते. पाणी नदीचंच प्यायचे, आणि तेही काही न बोलता, आपला तांब्या वेगळा ठेवून. घरात काकींचा विषय निघाला की उठून जायचे. हा माणूस काहीतरी जाणतो, असं मला रोज वाटायचं. विचारायची मात्र छाती नव्हती.

उलगडा झाला तो डोंगरातल्या ठाकरवाडीच्या एका म्हाताऱ्यामुळे. तो उन्हाळ्यात लाकडाची मोळी घेऊन यायचा. त्या दिवशी ऊन फार होतं. मी त्याला तांब्या दिला. नदीचं पाणी संपलं होतं, म्हणून विहिरीचंच, गाळून उकळलेलं. त्यानं तांब्या तोंडाशी नेला, थांबला, आणि पाणी अंगणात ओतलं. मला वाटलं रागावला.

"खांबाचं पानी हाय ह्यं, बाय," तो म्हणाला. त्याची बोली आमच्याहून वेगळी होती, पण एवढं कळलं.

"कसले खांब?"

त्यानं दोन्ही हात पुढे केले. कोपरापासून खाली कातडी काळसर, जागोजागी गोळा झालेली. वखार चालू होती तेव्हा तो तिथे मजूर होता. तापलेल्या तेलातून खांब बाहेर ओढायचं काम. तेल उडायचं, उन्हात कातडी सोलून निघायची. "त्याचा वास मी मेलो तरी वळखीन," तो म्हणाला. मग वखारीकडे हात करून सांगू लागला. कढया धुतलेलं, सांडलेलं, जळकं तेल एका खड्ड्यात सोडत. खड्डा विहिरीएवढा. वखार उठली तेव्हा तो तेलानं भरलेला होता. कुणी काढलं नाही. वरून माती टाकली.

"कुनी टाकली माती?" मी विचारलं.

आमच्या ओटीकडे त्यानं पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. "तुज्या सासऱ्याची गाडी व्हती. मी आन तो, दोगांनी टाकली."

मी यजमानांना बोलावलं. या वेळी ते गप्प राहिले नाहीत. कुदळ घेतली, म्हाताऱ्याला पुढे घातलं, मी मागून गेले. म्हाताऱ्यानं करवंदीत शिरून उघड्या तुकड्याच्या मधोमध पाय आपटला. "हितं."

कंबरेइतकं खणल्यावर माती काळी झाली, मग चिकट, मग कुदळ ओढून काढावी लागली. खड्ड्याच्या तळाशी हळूहळू काळं तेल जमा होऊ लागलं. नऊ-दहा वर्षं जमिनीत राहून त्याचा वास तसूभर कमी झाला नव्हता. डोळ्यांना पाणी आलं. तिथून खाली पाहिलं तर उतार सरळ आमच्या विहिरीवर जात होता.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. गाव जमलं. चुलतसासरे आले, त्यांच्या मागे काकी. सगळ्यात शेवटी मामंजी आले. खड्ड्यात वाकून पाहिलं आणि काठावर खाली बसले.

"बाबा, तुमाला ठाव हुतं," यजमान म्हणाले. सगळ्यांसमोर वडिलांना असं ते पहिल्यांदाच विचारत होते.

मामंजी मातीकडे बघत म्हणाले, "वखारीचा कारकून म्हनाला, खड्डा बुजव, खालचा तुकडा तुला कसाया देतो. मी बुजवला. मातीखाली गेलं म्हंजे मातीच झालं, आसं वाटलं मला. दहा पावसाळं गेलं वरनं. कोन म्हनंल की आजून जितं आसंल म्हून?"

"आन आमच्या बाईला देवळात उभी केली तवा?" चुलतसासऱ्यांनी विचारलं. "तवा ठाव हुतं का नाय?"

मामंजींनी मान वर केली नाही. "संशय आला व्हता," ते म्हणाले. "पन तुमी टाकलं आसतं तर उपसून गेलं आसतं. ह्यं जानार नाय. म्हून मला वाटत व्हतं, तुमीच टाकलेलं निघावं."

चुलतसासरे काकींना घेऊन निघाले. जाताना काकींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे पाटलांनी तालुक्याला कळवलं. एक साहेब आले, टोपी घातलेले. खड्डा पाहिला, नाकाला रुमाल लावला, बाटलीत पाणी भरून नेलं. पत्र येईल म्हणाले. आलं नाही. वखारीचा मालक कोण, हे शोधायला यजमान कर्जतला दोनदा जाऊन आले. पेढी मोडली, मालक वारला, जागा कुणाच्या नावावर आहे ते बघावं लागेल, एवढंच कळलं. खणलेला खड्डा उघडा ठेवणं बरं नव्हतं. पावसाआधी पुन्हा मातीच टाकली. या वेळी सगळ्या गावाला ठाऊक होतं एवढाच फरक. विहिरीवर आडवी लाकडं टाकून काटे लावले.

मी पुन्हा नदीवर जाऊ लागले. काकीही जायच्या. वाट एकच, पण त्या पुढे चालायच्या आणि मी मागे. आठ-दहा दिवस असे गेले. एकदा चढावर त्या दम खायला थांबल्या, तेव्हा मी जवळ जाऊन उभी राहिले.

"काकी, मी डबा बघितला नव्हता."

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"वेल आडवा होता. काय होतं ते दिसलंच नाय. सगळे माझ्याकडं बघत होते, म्हणून..."

"तवा मी बी तुज्याकडंच बघत व्हते." त्यांनी हांडा डोक्यावर चढवला. थोडं चालल्यावर, मागे न बघता म्हणाल्या, "नातवाचा ताप उतरला. इचारलं नाय कुनी, म्हून सांगते."

दुसऱ्या दिवशी त्या पाणंदीच्या तोंडाशी उभ्या होत्या. माझ्यासाठी, की आणखी कुणासाठी, ते मी विचारलं नाही. आम्ही बरोबर गेलो. पुढे कित्येक वर्षं बरोबर गेलो. स्वराज्य आलं, गावात झेंडा लागला, तरी पाणी नदीवरूनच यायचं. शेवटी दोन्ही घरांनी मिळून वखारीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी नवी विहीर खणली. ते पाणी चांगलं निघालं. मामंजींनी ते घेतलं नाही. सगळे म्हणायचे, बाबा आता तरी प्या. ते म्हणायचे, मला नदीचं चालतं. लाजेपोटी, की त्यांचा कुठल्याच मातीवर विश्वास राहिला नव्हता, हे मला कधी कळलं नाही.

खालच्या शेतात भात व्हायचा, पण चिरेच्या बाजूचा पट्टा पिवळा राहायचा. दर पावसाळ्यात शेताखालून वाहणाऱ्या ओढ्याच्या एका वळणावर तो निळाहिरवा तवंग दिसायचा, आणि दरवर्षी थोडा आणखी खाली. त्या वळणाखाली दुसरं गाव आहे. आम्ही त्यांना सांगितलं. त्यांचे दोघे जण येऊन बघून गेले, आणि जाताना आपसांत म्हणाले की आमच्या गावाला त्यांचं पाणी बंद करायचं असेल. पाणंदीत ते मला ऐकू आलं.

काकी माझ्याशी अखेरपर्यंत बोलत राहिल्या. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. पण मी कुणाबद्दल काही सांगू लागले की त्या हातातलं काम थांबवून ऐकायच्या आणि विचारायच्या, "ह्यं तू बघितलंस, का आसंल म्हनतेस?"